प्लेगाच्या दिवसांतील एक प्रामाणिक कामकरी : वाल्देमार हाफकिन

मुंबईस परळ भागात हाफकिन संस्था आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. सर्पदंशावरील औषध, पोलिओचे थेंब अशा कितीतरी गोष्टी तेथून आपल्या गावांपर्यंत पोहोचल्या आहेत. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे. तो कोठून आला, त्याने येथे काय केले आणि येथून तो कोणत्या अवस्थेत गेला, असे विचारले तर आपणांपैकी बहुतेकांस सांगता येणार नाही.

आमच्या जुन्या कुटुंबांत प्लेगाच्या सालाच्या गोष्टी अद्याप निघतात. घरात उंदीर मरून पडला की बिऱ्हाड उचलायचे, गावाबाहेर शेतात झोपडी घालायची आणि गाव निवळेपर्यंत तेथेच राहायचे, असे ते दिवस होते. मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळी, धारवाड, बडोदे, इंदूर, हैदराबाद, कोठलेच मोठे गाव त्यातून सुटले नाही. १८९६ पासून पुढील पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने गेली. काखेत किंवा जांघेत गाठ येई, ताप चढे आणि चार-पाच दिवसांत माणूस संपे. अशा वेळी ज्याने पहिली लस तयार केली व ती खरोखर गुणकारी आहे की नाही हे मोजून दाखविले, त्या माणसाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे लिहिण्यास आणखी एक कारण आहे. रोग झाला आणि वैद्याने तो बरा केला, तर त्याचे आभार मानावयास रोगी असतो, रोग्याचे घर असते. पण जो रोग झालाच नाही, त्याबद्दल आभार कोणी मानावे? रोग टाळण्याचे काम करणाऱ्याच्या वाट्यास बहुधा आभार येत नाहीत. चूक मात्र तत्काळ दिसते. हाफकिन यांच्या आयुष्यात ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कोणाच्या आयुष्यात दिसेल.

ओडेसातील दिवस

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. त्या वेळी हे शहर रशियाच्या बादशहाच्या अमलाखाली होते. आज ते युक्रेन देशात आहे. ओडेसाच्याच विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना कशा गिळतात याचा शोध लावल्याबद्दल पुढे १९०८ साली ज्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे मेचनिकोव्ह.

१८८१ साली रशियाच्या बादशहाचा खून झाला आणि त्याचा राग यहूदी लोकांवर निघाला. गावोगावी त्यांची घरे व दुकाने लुटली गेली, माणसांस मारहाण झाली. ओडेसातील यहूदी तरुणांनी आपल्या लोकांच्या रक्षणासाठी एक पथक उभारले, त्यात हाफकिन होते. त्यांस जखमा झाल्या आणि वर अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले.

शिक्षण पूर्ण झाले, परंतु यहूदी माणसास विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळणे अशक्य होते. रशियाच्या राजमान्य मंडळीत बाप्तिस्मा घेतल्यास वाट मोकळी होती. हाफकिन यांनी ते नाकारले आणि प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात एक लहानशी नोकरी पत्करून ते स्वस्थ राहिले. हे वाचताना आम्हा ख्रिस्ती लोकांस मान खाली घालावी लागते. ज्यांनी लुटालूट केली ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते. आणि ज्यांनी बाप्तिस्मा नोकरीची अट म्हणून पुढे केला, तेही ख्रिस्ती म्हणवीत होते. विश्वासाची अशी किंमत लावणाऱ्यांपेक्षा ती न देणारा तरुण आम्हांस अधिक आदरणीय वाटतो.

ग्रंथालयातील नोकर

१८८८ साली मेचनिकोव्ह पॅरिसला गेले व तेथील पाश्चर संस्थेत काम करू लागले. हाफकिन यांनीही त्याच वर्षी मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हा येथे शिकवून १८८९ साली ते पॅरिसला आले. पाश्चर संस्थेत त्या वेळी एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. ती त्यांनी घेतली. दिवसभर पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळी प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम असे. मन रमावे म्हणून ते व्हायोलिन वाजवीत.

त्या काळी पटकीचा मोठा धाक होता. पटकीच्या जंतूंपासून लस करण्याचे हाफकिन यांनी मनावर घेतले आणि प्राण्यांवर प्रयोग करून ती सिद्ध केली. प्राण्यांस ती मानवली, पण माणसांचे काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला व उतरला. त्यानंतरच आपल्या काही मित्रांस त्यांनी ती टोचली. नवीन लस आधी आपल्या अंगावर घ्यावी व मग दुसऱ्याच्या, हा नियम त्यांनी पुढेही पाळला.

लस हाती आली, परंतु ती खऱ्या साथीत उपयोगी पडते की नाही, हे पॅरिसमध्ये बसून कळणार नव्हते. पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिस येथे ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या सांगण्यावरून हाफकिन यांस हिंदुस्थानात काम करण्याची परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले.

पुढील दोन-अडीच वर्षे ते उत्तर हिंदुस्थानात लष्करी छावण्या, तुरुंग, शहरे व खेडी फिरत राहिले. चाळीस हजारांहून अधिक लोकांनी त्यांच्याकडून लस घेतली. कोणावरही त्यांनी सक्ती केली नाही. १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत पटकी पसरली असता तेथील दोनशेच्या आसपास रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत जे नवे रोगी निघाले, ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच जागी राहणारे, एकच पाणी पिणारे असतील, तर त्यांची तुलना खरी ठरते, ही गोष्ट हाफकिन यांच्या मनात पक्की होती. मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ साली त्यांस युरोपास परतावे लागले, पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा हिंदुस्थानात आले.

मुंबईत प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईस मांडवी भागात एका रोग्यास तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेग आहे असे निदान केले. प्रथम पुष्कळांनी ते मानले नाही. परंतु थोड्याच दिवसांत शहर रिकामे होऊ लागले. आगगाड्या व आगबोटी भरभरून लाखो लोक आपापल्या गावी गेले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांबरोबर प्लेगही गेला.

सरकारच्या बोलावण्यावरून ७ ऑक्टोबर रोजी हाफकिन मुंबईस आले. भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व लगतची पडवी त्यांना मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले आणि तीन महिन्यांत प्लेगाची लस तयार केली. कामाचा ताण असा होता की एक मदतनीस खचून आजारी पडला व दुसरे दोघे काम सोडून गेले.

लस करण्याची रीत समजावून घेण्यासारखी आहे. प्लेगाचे जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. हिंदूंस व मुसलमानांस बाध येऊ नये म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या थेंबांना धरून वाढू लागले व वडाच्या पारंब्यांप्रमाणे खाली लोंबू लागले. बाटली हलविली की त्या पारंब्या तुटून तळाशी बसत व वर नव्या फुटत. असे काही आठवडे केल्यावर तो रस तापवून सारे जंतू मारून टाकीत. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत, परंतु शरीर त्यांस ओळखून त्यांच्याविरुद्ध लढण्याची तयारी करून ठेवते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली, तीही इतरांस देण्याच्या मात्रेपेक्षा पुष्कळ मोठी. ताप भरला, अंग ठणकू लागले, तरी त्यांनी काम थांबविले नाही. 

मोजणीतील सचोटी

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास आपण होऊन पुढे आले, बाकीचे आले नाहीत. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता असे तिघेजण लस घेतल्याच्या दिवशीच आजारी पडले व वारले. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांस झाला, मेला कोणी नाही.

परंतु कोणी म्हणेल, जे धीट व धडधाकट तेच पुढे आले असतील, म्हणून ते वाचले. ही शंका अगदी रास्त आहे. एका वर्षाने उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा कैद्यांस ओळीने बसवून एकाआड एक कैद्यास लस दिली गेली, म्हणजे निवड कोणाच्याच मर्जीवर राहिली नाही. तेथेही न टोचलेल्यांपैकी सहाजण वारले, टोचलेल्यांपैकी एकही नाही.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट बडोद्याजवळ घडली. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात शहरापासून दोन-तीन कोसांवर उंडेरा नावाचे गाव आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग चालू असताना हाफकिन तेथे गेले. त्यांनी प्रत्येक घरातील निम्म्या माणसांस लस दिली, पुरुष, स्त्रिया, मुले सर्वांतून सारखी निवडून. अशा रीतीने एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी, एकाच उंदरांच्या सोबतीने राहणारी माणसे दोन गटांत विभागली गेली. सुमारे सहा आठवड्यांनी सरकारी अधिकाऱ्यांसह घरोघर जाऊन हिशेब घेण्यात आला.

एकंदर २८ घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ जणांस प्लेग झाला आणि २६ मेले. त्याच घरांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ जणांस प्लेग झाला आणि ३ मेले.

या आकड्यांत ते ८ आणि ते ३ हेही लिहिलेले आहेत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लस अचूक आहे, ती घेतली की प्लेग होतच नाही, असा डांगोरा हाफकिन यांनी पिटला नाही. लस घेऊनही माणूस आजारी पडू शकतो, मरूही शकतो, पण न घेणाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी, एवढेच ते सांगत आणि आपल्या विरुद्ध जाणारा आकडाही शेजारीच लिहीत. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण येथेही १८९७ साली असाच हिशेब निघाला. लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ मेले, तर न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२. म्हणजे पहिल्या गटात शेकडा दोनहून कमी आणि दुसऱ्यात शेकडा चोवीसहून अधिक.

आज कोणतेही नवे औषध किंवा लस तपासताना असेच दोन सारखे गट करून तुलना करतात. त्या पद्धतीचे हे फार आरंभीचे उदाहरण आपल्या मुंबईत व बडोद्यात घडले, हे आपणांस माहीत असावयास हवे.

लोकांची मने वळविणे मात्र सोपे नव्हते. १८९७ साली सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. घरांची झडती, माणसांस बळाने छावणीत नेणे, सामान जाळणे यांमुळे लोक चिडून गेले. पुण्यात त्याच वर्षी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात सुईविषयी नाना अफवा उठल्या तर नवल नाही. हाफकिन मात्र समजुतीनेच काम करीत राहिले. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला, आणि त्यांच्या समाजातील हजारो लोक पुढे आले. १८९८ साली हुबळी व धारवाड येथेही लोकांनी मोठ्या संख्येने लस घेतली. ऑगस्ट १८९९ मध्ये परळ येथील गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

एक बाटली

१९०२ साली पंजाबात प्लेग वाढला व तेथील सरकारने लाखो मात्रांची मागणी केली. एवढी लस जुन्या रीतीने वेळेवर होईना. तेव्हा हाफकिन यांनी पाश्चर संस्थेत चालत असलेली जलद रीत स्वीकारली व लशीत कार्बोलिक ॲसिड घालणे सोडले. ही गोष्ट पुढे त्यांच्याविरुद्ध फार मोठी ठरली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल खेड्यात १०७ माणसांस पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही जण मरण पावले. सर्वांस एकाच बाटलीतील लस दिलेली होती. बाकीच्या चार बाटल्यांतील लस घेतलेले ८८ जण सुखरूप होते.

त्या घरांवर काय ओढवले असेल याची कल्पना आपण करावी. रोग टळावा म्हणून ज्यांनी विश्वासाने हात पुढे केला, त्यांस मरण आले. हे दुःख लहान करून सांगण्याचा आमचा हेतू नाही. चौकशी होणे योग्यच होते.

सरकारने चौकशी मंडळ नेमले. ती घाण बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेत, शिरली असावी, असा मंडळाने निष्कर्ष काढला. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले व १९०४ साली ते लंडनला गेले. मूळचे रशियाचे, जातीने यहूदी, डॉक्टरीची पदवी नाही. असा माणूस इतक्या मोठ्या जागेवर असणे अनेक अधिकाऱ्यांस आधीपासूनच खुपत होते.

परंतु साक्षीतच एक गोष्ट नोंदलेली होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून शुद्ध न करता नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून त्याने बूच ओढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतील मुलासही माहीत आहे. शिवाय, जर घाण आठवडे-महिने आधी शिरली असती तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेतील तज्ज्ञांनीही सारा पुरावा पुन्हा तपासला.

अहवाल लोकांपुढे येण्यास १९०६ सालची अखेर उजाडली. त्यानंतर मलेरियाच्या डासांचा शोध लावणारे सर रोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू जोराने मांडली. जुलै महिन्यात दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी सह्यांचे पत्र प्रसिद्ध केले. दोष सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा चिमट्याकडे बोट दाखवितो, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर १९०७ च्या नोव्हेंबरात सरकारने हाफकिन यांस दोषमुक्त केले. पाच वर्षे गेली होती. त्या एका वर्षात, १९०७ मध्ये, हिंदुस्थानात प्लेगाने बारा लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी किती जणांनी मुलकोवालच्या बातमीमुळे लस टाळली असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

पुढील आयुष्य

हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले. परळची जागा दुसऱ्यास दिली गेली होती, म्हणून त्यांस कलकत्त्यास नेमण्यात आले. तेथे त्यांस लोकांत जाऊन लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली नाही. मन लावून काही वर्षे काम करून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले व युरोपास गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचे नियम अधिकाधिक निष्ठेने पाळू लागले आणि आपली सारी मिळकत पूर्व युरोपातील यहूदी धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातीतच, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत प्लेगाच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा मुंबईहून बाहेर गेल्या होत्या. दरम्यान, प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे १८९८ साली फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी कराचीस दाखवून दिले आणि पुढे परळच्याच प्रयोगशाळेत त्यास बळकट पुरावा मिळाला. आज प्लेगावर प्रतिजैविक औषधे आहेत, आणि उंदीर व कचरा यांचा बंदोबस्त हा पहिला उपाय मानला जातो. हाफकिन यांच्या लशीचे दिवस संपले. तरीही १९९४ साली बीड जिल्ह्यात व सुरतेत प्लेगाचे रोगी निघाल्याची बातमी आली तेव्हा सुरतेहून पुन्हा तशाच आगगाड्या भरून गेल्या, हे आमच्यापैकी पुष्कळांस आठवत असेल.

शिक्षकांसाठी दोन शब्द

रविवारच्या शाळेतील शिक्षकांस आम्ही एक सुचवितो. वर्गात दोन वाट्या ठेवाव्या. एका वाटीत ६४ चिंचोके मोजून घालावे, दुसरीत ७१. मग पहिल्या वाटीतून २६ चिंचोके बाहेर काढावे व दुसरीतून ३. एवढे केले की उंडेऱ्याची गोष्ट लहान मुलासही समजते.

त्यानंतर मोठ्या मुलांस थोडे गणित घालावे. लस घेतलेल्या त्या ७१ जणांनी ती घेतली नसती आणि त्यांच्या घरच्या इतरांप्रमाणेच ते मेले असते, तर किती मेले असते? उत्तर येते सुमारे २९. प्रत्यक्षात तीनच मेले. म्हणजे त्या एका लहान गावात सुमारे पंचवीस माणसे वाचली. आता मुलांस विचारावे, दुसऱ्या वाटीत उरलेल्या चिंचोक्यांपैकी ते पंचवीस कोणते? मुले वाटीत पाहतील, पण कोणासही ते दाखविता येणार नाहीत. ते स्वतः त्या पंचविसांनाही कधी कळले नाही. त्यांनी पुढे शेते नांगरली, मुलांची लग्ने केली, नातवंडे पाहिली, आणि आपण वाचविले गेलो होतो हे त्यांच्यापैकी एकासही ठाऊक नव्हते. मुलकोवालचे एकोणीस मात्र बोटांवर मोजता येत होते.

आपल्या मंडळ्यांतही असे काम करणारे आहेत. घरोघर जाऊन बाळांच्या लशींची तारीख सांगणारी परिचारिका, रक्तदाब तपासून घ्या म्हणून पाठीस लागणारा डॉक्टर, विहिरीत औषध टाकणारा ग्रामसेवक. बाळाला लस दिल्यावर ताप आला तर आपण त्यांच्या दारी तक्रार घेऊन जातो. बाळास गोवर झाला नाही, घटसर्प झाला नाही, म्हणून कोणी त्यांच्या दारी गेल्याचे आम्ही पाहिले नाही. तक्रार अवश्य करावी, चौकशीही करावी; चूक झाली असेल तर ती उघड व्हावी. परंतु पुरावा पुरा पाहण्यापूर्वी कोणाच्या माथी दोष मारू नये, आणि आपल्यास अनुकूल तेवढेच आकडे सांगून बाकीचे लपवू नयेत. हाफकिन यांनी स्वतःच्या विरुद्धचे आकडे लपविले नाहीत. त्यांच्यावर दोष ठेवणाऱ्यांनी तेवढी सचोटी पाळली असती तर त्यांची पाच वर्षे वाया गेली नसती, आणि कदाचित आणखी कितीतरी घरांत दिवा जळत राहिला असता.

पुढे कधी परळच्या रस्त्याने जाण्याचा प्रसंग आला, तर त्या संस्थेच्या फाटकाशी क्षणभर थांबावे. प्लेगाच्या सालात आपल्या पणजोबांच्या किंवा खापरपणजीच्या दंडात त्या सुईने काही घातले होते की काय, हे आपणांस सांगता येणार नाही. ते घातले असेल, आणि त्यामुळेच आपण आज तेथे उभे असू, असेही असू शकेल.